पडद्यावरचा खेळाडू आणि गल्ल्यावरची पुडी

गेल्या उन्हाळ्यात आमचा अकरा वर्षांचा नातू सुटीसाठी सांगलीला आला होता. एका रविवारी दुपारी त्याला घेऊन आम्ही चित्रपटाला गेलो. चित्रपट सुरू होण्यापूर्वी तंबाखूच्या दुष्परिणामांची सरकारी चित्रफीत दाखवली गेली. रात्री घरी दूरदर्शन संचावर क्रिकेटचा सामना पाहत असताना दोन षटकांच्या मधल्या वेळेत ज्यांच्या खेळावर आमची पिढी वेडी झाली होती, असे निवृत्त खेळाडू चकचकीत डबीतील वेलदोड्याचे दाणे तोंडात टाकताना दिसले. डबीवरचे नाव मात्र पानमसाल्याचे होते. नातवाने विचारले, “आजोबा, खेळाडू सांगतात ते ऐकायचं की नाही ऐकायचं?”

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. पस्तीस वर्षे बँकेत सातारा, कराड आणि सांगली येथील शाखांत कर्जविभाग सांभाळलेल्या माणसाला या प्रश्नाची दुसरीही एक बाजू ठाऊक होती. तिच्याविषयी पुढे लिहितो. आधी त्या मुलाच्या प्रश्नाचा शोध घेऊ.

सार्वजनिक आरोग्याचा संदेश देण्यासाठी खेळाडूचा चेहरा का निवडतात, हे समजणे अवघड नाही. डॉक्टर आरोग्याविषयी बोलतो, तर खेळाडू ते अंगावर वागवतो. त्याचे शरीर हीच त्याची साक्ष असते. शिवाय तो घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो, आणि त्याने हात धुवा असे सांगितले तर त्यात कोणाला उपदेशाचा वास येत नाही. युनिसेफने २०१३ साली सचिन तेंडुलकर यांना दक्षिण आशियासाठी सदिच्छादूत नेमले, ते याच विचाराने. स्वच्छता आणि हात धुण्याची सवय हा त्यांचा विषय होता. ज्या घरात आरोग्य खात्याचे पत्रक कोणी वाचत नाही, त्या घरात सचिन मात्र पोहोचलेला होता.

आपल्या सांगलीपुरते याहून जवळचे उदाहरण आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपूर येथे एकाच कुटुंबाशी संबंधित करोना रुग्ण आढळले आणि काही दिवसांतच ती संख्या दोन डझनांच्या घरात गेली. सारा जिल्हा धास्तावला होता. मुखपट्टी कोणी वापरावी आणि कशी, याविषयी तेव्हा गोंधळ होता. औषधांच्या दुकानांत त्या मिळत नव्हत्या. एप्रिलमध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने ‘टीम मास्क फोर्स’ नावाची एक चित्रफीत प्रसारित केली. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, कोहली यांच्याबरोबर तीत आपल्या सांगलीची स्मृती मानधनाही होती. मुखपट्टी घरच्या घरी तयार करा आणि वापरा, एवढाच संदेश होता. आमच्या गल्लीतील एका भगिनीने यजमानांच्या कापड दुकानातील उरलेल्या सुती तुकड्यांच्या मुखपट्ट्या शिवून शेजारीपाजारी वाटल्या. “आपल्या माधवनगरच्या मुलीनं सांगितलंय,” असे त्या देताना म्हणत. सांगलीकरांना कोहलीपेक्षा स्मृतीचे शब्द अधिक जवळचे वाटले, यात नवल नाही.

परंतु खेळाडूने सांगितले आणि लोकांनी ऐकले, इतका हा व्यवहार सरळ आहे का? बँकेत असताना आम्ही ठेवी वाढवण्याच्या मोहिमा राबवत असू. मोठमोठे फलक लागत, वृत्तपत्रांत जाहिराती येत. अनुभव असा की जाहिरात ग्राहकाला दारापर्यंत आणते, पण खाते उघडते ते खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या वागणुकीमुळे. दार बंद असेल किंवा खिडकीवर कोणी नसेल, तर फलकाचा खर्च वाया जातो.

पोलिओ निर्मूलनाची मोहीम या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ सुरू झाले. ‘दो बूंद जिंदगी की’ हे अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील शब्द घरोघरी पोहोचले. क्रिकेटपटूंनीही त्या मोहिमेला साथ दिली. मात्र त्या आवाजाच्या पाठीमागे एक प्रचंड यंत्रणा उभी होती. ठरलेल्या रविवारी घराजवळच लसीकरणाचे केंद्र असे. डोस दिल्यावर बाळाच्या करंगळीवर शाईची खूण केली जाई आणि ज्याच्या करंगळीवर खूण नाही त्याला शोधत अंगणवाडी सेविका पुढचे काही दिवस दारोदार फिरत. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त घोषित केले. या यशात प्रसिद्ध आवाजाचा वाटा मोठा, पण दारोदार फिरलेल्या त्या पावलांचा वाटा त्याहून मोठा.

पोलिओच्या डोसात आणखी एक सोय होती. ते काम एका मिनिटाचे, विनामूल्य आणि घराशेजारी होणारे होते. त्यासाठी कोणाला आपली सवय मोडावी लागत नव्हती आणि कोणाचा धंदा बुडत नव्हता. तंबाखूचे तसे नाही. तिथे एका बाजूला शरीराची ओढ असते, दुसऱ्या बाजूला बाजार असतो आणि तो बाजारही खेळाडूंचेच चेहरे वापरतो.

महाराष्ट्रात या व्यसनाचे रूप इतरांहून थोडे निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे, मळणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडाचा अधिक आहे. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या आपल्या भागात हे वेगळे सांगायला नको. तासगाव तालुक्यातील अंजनी गावातून निघून राज्याचे उपमुख्यमंत्री झालेले आर. आर. आबा पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगावी आरोग्याचा विचार नेणारा हा नेता, वय अवघे सत्तावन्न. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि या सवयीबद्दलची खंत त्यांनी अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

तंबाखूविरोधी संदेशासाठी आजवर तीन प्रकारचे चेहरे वापरले गेले. पहिला, ज्याने व्यसन कधी केले नाही असा आदर्श खेळाडू. राहुल द्रविड यांची चित्रफीत अनेक वर्षे चित्रपटगृहांत दाखवली गेली. दुसरा, ज्याने स्वतः आजार भोगला असा खेळाडू. युवराज सिंग २०११ च्या विश्वचषकाचा मालिकावीर होता. त्याच वर्षी त्याला कर्करोगाचे निदान झाले. त्याचा आजार तंबाखूमुळे झालेला नव्हता, परंतु उपचार घेऊन २०१२ मध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला आणि वेळीच तपासणी करा हे सांगण्यासाठी त्याने संस्था उभी केली. कर्करोग म्हणजे सर्व संपले, ही समजूत त्याच्या एका पुनरागमनाने जितकी हलली, तितकी शंभर व्याख्यानांनी हलली नसती.

तिसरा चेहरा मात्र कोणाच्याही ओळखीचा नव्हता. भुसावळचा मुकेश हराणे हा चोविसाव्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने २००९ मध्ये गेला. टाटा रुग्णालयात चित्रित केलेले त्याचे काही क्षण पुढे देशभर दाखवले गेले. ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपट आणि दूरदर्शनवरील तंबाखूच्या दृश्यांबरोबर असे आरोग्यसंदेश दाखवणे बंधनकारक झाले आणि मुकेश हे नाव घराघरांत पोहोचले. तरुणांनी त्या चित्रफितीची चेष्टाही पुष्कळ केली. पण मी ज्यांना तंबाखू सोडताना पाहिले, त्यांच्यापैकी कोणी द्रविडचे नाव घेतले नाही. दोघांनी मुकेशचे घेतले. त्यातला एक मला म्हणाला होता, “साहेब, द्रविड आपल्यासारखा नाही. तो पोरगा आपल्यासारखा होता.”

यावरून खेळाडूंचा उपयोग नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. माझे मत इतकेच की ज्याने सवय लावून घेतलेलीच नाही त्या मुलासाठी खेळाडू उपयोगी, आणि ज्याला सवय जडली आहे त्याच्यासाठी भोगलेला माणूस उपयोगी. दहा-पंधरा वर्षांच्या मुलाला मरणाची भीती वाटत नाही. त्याला कोणासारखे तरी व्हायचे असते. म्हणूनच बाजारालाही खेळाडूच हवा असतो.

हा इतिहास आजचा नाही. आपल्या तरुणपणी भारतीय संघाच्या गणवेशावर सिगारेटच्या एका छापाचे नाव असे आणि १९९६ चा विश्वचषक तर त्याच नावाने खेळला गेला. त्या वेळी कित्येक फलंदाजांच्या बॅटवर सिगारेटची नावे झळकत होती. सचिनच्या बॅटवर त्या स्पर्धेत कोणतेही नाव नव्हते. मराठीचे प्राध्यापक आणि कवी असलेले वडील रमेश तेंडुलकर यांना त्याने तंबाखू व मद्याची जाहिरात कधी करणार नाही, असा शब्द दिला होता, हे त्याने पुढे स्वतः सांगितले आहे. त्याच कोऱ्या बॅटने त्याने ५२३ धावा केल्या आणि स्पर्धेतील सर्वाधिक धावा त्याच्याच ठरल्या. मला विचाराल तर युनिसेफच्या सर्व चित्रफितींपेक्षा ती कोरी बॅट हा आरोग्याचा मोठा संदेश होता.

२००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली, तेव्हा बाजाराने नवी वाट शोधली. नाव तेच, वेष्टनाचा रंग तोच, पण आत वेलदोडा किंवा बडीशेप. जाहिरात वेलदोड्याची, आठवण मसाल्याची. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या नामवंतालाही ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या खेपेस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये आरोग्य खात्याने आयपीएलच्या व्यवस्थापनाला पत्र लिहून तंबाखू, मद्य आणि त्यांच्या आडून केलेल्या जाहिराती सामन्यांत नकोत, असे कळवले. तरीही त्या रविवारी माझ्या नातवाने पाहायचे ते पाहिलेच.

आता त्या दुसऱ्या बाजूविषयी, जी लिहिण्याचे मी आजवर टाळले होते.

१९९८ च्या सुमारास मी साताऱ्यात कर्ज अधिकारी असताना आमच्या शाखेत एका घाऊक व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते होते. व्यवहार चोख, हप्ता कधी चुकला नाही, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या पाच तारखेला टेबलावर. दर तिमाहीला मी त्यांच्या गोदामात तपासणीला जात असे. छतापर्यंत रचलेली गुटख्याची पोती मोजून मी वहीत लिहीत असे, त्यांची किंमत काढत असे आणि त्या तारणावर पैसे उचलण्याची मर्यादा ठरवत असे. ती मर्यादा दोनदा वाढवण्याची शिफारस माझ्याच सहीची. माल लवकर खपतो, उधारी थकत नाही, हे मी शेऱ्यात आवर्जून लिहिले होते. तो माल लवकर का खपतो, हा प्रश्न बँकेच्या कोणत्याही अर्जात नव्हता, आणि मीही तो स्वतःला विचारला नाही.

२००२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे २०१२ मध्ये, कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना, अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आली आणि ती आजही आहे. तोवर त्या शेठजींनी व्यवसाय बदलला होता. कारण कायद्याचे नव्हते. गोदामात बसणाऱ्या त्यांच्या धाकट्या मुलाला तोंड उघडता येईनासे झाले होते. दिवसभर पोत्यांच्या सहवासात एकेक पुडी फोडण्याची सवय त्याला लागली होती. शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा एक भाग काढावा लागला, मुलगा वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा शेठजी म्हणाले, “साहेब, तुम्ही पोती मोजत होता, मी नोटा मोजत होतो. पोराच्या पुड्या कुणी मोजल्या नाहीत.” त्या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही.

आपल्या शास्त्रकारांनी श्रावकासाठी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्यांत विषवाणिज्याचा उल्लेख आहे. विष म्हणजे संखिया किंवा बचनाग, इतकाच अर्थ आपण सोयीने घेत आलो. सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखू नाही, म्हणूनही अनेकांची समजूत निघते. घरात कांदा-लसूण न आणणाऱ्या कुटुंबाच्या दुकानात पुड्यांच्या माळा लटकताना मी पाहिल्या आहेत, आणि अशा दुकानांना मीच कर्जे दिली आहेत. म्हणून हे बोट दाखवणे नव्हे. दाखवलेच तर ते आधी माझ्याकडे वळते.

आणखी एक गोष्ट घरातल्या तबकाविषयी. तंबाखू नसलेली सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या आतील त्वचा कडक होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. जेवणानंतर पाहुण्यांपुढे सुपारीचे तबक फिरवण्याची आपली रीत जुनी खरी, पण त्या तबकात बडीशेप, धणाडाळ, लवंग आणि खराखुरा वेलदोडा ठेवल्याने आदरातिथ्यात काही उणे पडणार नाही.

व्यापारी कुटुंबांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, ठाऊक नाही. तरी काही गोष्टी कायद्याच्याच आहेत. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करणे हा गुन्हा आहे. बालकाला असा पदार्थ दिल्यास बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. “वडिलांनी मागवली आहे” असे सांगत आलेल्या मुलाच्या हाती पुडी देणाऱ्या दुकानदारालाही हा कायदा लागू आहे.

काही गोष्टी घरच्या आहेत. महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडावे. आपली तीन बोटे उभी आत जात नसतील, गालात वा जिभेवर पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याला दाखवावे. दुकानातील नोकरमाणसांकडूनही हे करवून घ्यावे. त्यांच्या तोंडात काय आहे, हे मालकाला बहुधा ठाऊक असते. सवय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे: १८००-११-२३५६.

आणि संघ, मंडळे, ट्रस्ट यांच्या शिबिरांसाठी एक सुचवावेसे वाटते. आरोग्य शिबिराच्या फलकावर मुंबईचा नट हवा, असा आपला आग्रह असतो. आपल्याच जिल्ह्यांत माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर आहे, जिने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. साताऱ्याची अदिती स्वामी आहे, जी सतराव्या वर्षी २०२३ मध्ये बर्लिन येथे तिरंदाजीत जगज्जेती झाली. दुष्काळी माणच्या रस्त्यावर धावलेली मुलगी आणि साताऱ्यात नेम धरायला शिकलेली मुलगी आपल्या मुलांना आपल्यासारखी वाटेल. तिच्या शेजारी तंबाखू सोडलेला, शक्य असेल तर आजारातून उठलेला, आपल्याच पेठेतील एखादा माणूस बसवावा. एकाने मुलांशी बोलावे, दुसऱ्याने बापांशी. आणि त्याच मांडवात दंतवैद्याची खुर्ची असावी. फलक, खिडकी आणि खिडकीवरचा माणूस, तिन्ही एका जागी.

माझ्या पुतण्याचे सांगलीत किराणा दुकान आहे. नातवाच्या प्रश्नानंतर मी त्याच्याशी याविषयी बोललो. तो म्हणाला, “काका, मी पुड्या काढल्या तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल. माणसं खायची थोडीच थांबणार?” त्याचे म्हणणे हिशेबाने खरे आहे. सचिनने नाकारली म्हणून सिगारेटची जाहिरात थांबली नाही. ती दुसऱ्यांच्या बॅटवर राहिली. पण त्याची बॅट कोरी राहिली आणि तिच्याकडे पाहणारी मुले काही तरी शिकली. हे मी पुतण्याला सांगितले. तो गप्प राहिला.

महिन्याभराने दुकानात गेलो, तर गल्ल्यावरची पुड्यांची माळ तिथे नव्हती. तिच्या जागी राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटे टांगली होती. “गल्ल्यात फरक पडलाय, काका,” त्याने वही पुढे केली. वही मी पाहिली. फरक खरोखरच होता. तो महिन्याला किती आणि वर्षाला किती, हे आम्ही दोघांनी बसून काढले. आकडा लहान नव्हता. त्याने तो वहीत लिहून ठेवला आणि वही मिटली. माळ अजून तरी परत लागलेली नाही.

नातवाला मी पत्र लिहिले आहे. खेळाडू काय सांगतो ते जरूर ऐक, पण तो ते सांगण्याचे पैसे कोणाकडून घेतो हे आधी विचार, असे त्यात लिहिले आहे. आणि आजोबांनी एकेकाळी कशाची पोती मोजली, हेही.